डोळे शेवटी लिहायचे

मी लग्न होऊन तारापूरच्या अलीकडच्या आमच्या वाडीत आले, त्याच वर्षी शेजारचं एक भांडण ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं. विहीर दोन घरांच्या मधे, आणि प्रेमलाकाकीचा आवाज असा, की पाणी ओढणारीचा हात आपोआप थांबावा.

"माझा पोपट कुठाय?"

"कुठला पोपट?" हे विश्रामकाका, तिचे यजमान.

"कुठला काय! हट्ट करून करवून घेतला तो. खिडकीत बसलेला. हिरवा."

काका म्हणाले, "पोचवला."

"कुठं पोचवला?"

"गणपतीबरोबर. खाडीत."

"अगो बाय! पोपट काय देव होता?"

"डोळे लिहिलेले ना मी त्याला. मातीला डोळे दिले की तिला पाण्यात पोचवायची. बापानं सांगितलंय."

"बापानं! बाप गेला, पोर झालं नाय, आणि हातानं केलेलं सगळं दरसाल चिखल. उद्या मी गेले तर या घरात बघायला काय उरणार? भिंत? एक वस्तू करा, एकच, जी पाण्यात जायची नाय."

"बरं."

"बरं काय बरं! पोपटसुदा याहून जास्त बोलला असता."

मला हसू फुटलं, दोर हातातून सुटला. काकी कुंपणावरून म्हणाली, "ऐकून झालं असेल तर पाणी भर गो मंदे."

विश्रामकाका गणपती करायचे. आजूबाजूच्या गावांना त्यांचेच गणपती. दुसरे मूर्तिकार डोळ्यांसकट मूर्ती देत. काकांचं घराणं हट्टी. लोक कोऱ्या डोळ्यांची मूर्ती घरी नेत, आणि चतुर्थीच्या सकाळी काका काळ्या रंगाची करवंटी नि कुंचला घेऊन घरोघर फिरत. डोळे शेवटी लिहायचे, देव ज्या घरी बसणार त्या घरी. विसर्जनालाही स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभे. एकेकाच्या डोक्यावरची मूर्ती घ्यायची, तीनदा बुडवायची, सोडायची, आणि पाटावर मूठभर वाळू ठेवून पाट त्या घरच्याच्या हातात द्यायचा. सगळं आटोपलं की काठावर येऊन दरसाल एकच म्हणत, "झालं. भूक लागली." देव गेल्याचं दुःख करत बसलेल्या बायका त्यावर हसायच्याच.

पुढे काकीला कावीळ झाली. झाडपाला झाला, बोईसरचा डॉक्टर झाला. काकी गेली. जायच्या आदल्या दिवशीही मला म्हणाली, "त्यांना मीठ कुठं ठेवलंय ते दाखव. डोळ्यापुढं असलं तरी दिसायचं नाय."

त्या दिवसांत अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं, रस्त्यावर सतत ट्रक. शाळेतले कृष्णकांत मास्तर एकदा सांगत आले, की मुंबईला एक कलामंडळ मातीकामाची स्पर्धा घेतंय. ज्याला पहिलं बक्षीस, त्याचं काम त्यांच्या दालनात कायमचं राहणार, काचेच्या कपाटात, खाली नाव लिहून.

काकांनी बाकीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कायमचं म्हणजे? पाण्यात नाय?"

"काचेत, विश्रामकाका. पाण्याचा थेंब लागायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काका चालत उमरोळीला गेले. उमरोळी काकीचं माहेर. तिच्या भावाच्या शेततळ्यातली माती डोक्यावर घेऊन आले. ती कालवली, तुडवली, आणि पडवीत बसून त्यांनी काकी केली.

पानं लावायला बसलेली काकी. आमच्याकडे विड्याच्या पानांचे मळे. संध्याकाळी पानं मोजून जुडी बांधायला बायका बसतात, तशी. एक पाय दुमडलेला, एक उभा. अंगठा पानाच्या देठावर. मी बघितलं नि माझा पदर तोंडावर गेला. आता ही म्हणेल, काय बघते गो मंदे, काम नाय?

फक्त डोळे कोरे होते. पांढरे, मडक्याला चुना लावावा तसे.

मास्तरांनी टोकलंच. "डोळे?"

"लिहिले की पोचवावी लागेल. मग राहणार कशी?"

"अहो, ही माणसाची मूर्ती आहे. देवाची नाही."

"पोपट पण देव नव्हता, मास्तर."

मास्तर हसले. त्यांनाही वाटलं असेल, एवढं सुंदर काम, कोण डोळ्यांवर अडेल?

चिकूच्या खोक्यात पेंढा भरून काकीला बसवली. बांधकामाचा एक ट्रक बोईसर स्टेशनकडे चालला होता. ड्रायव्हर पंजाबी, भला माणूस. काका खोका धरून बसलेले बघून त्यानं विचारलं, "अंदर भगवान है क्या, चाचा?"

काका म्हणाले, "नाय. घरवाली है."

त्यानं ट्रक बैलगाडीसारखा नेला.

मग वाट बघणं. काका रोज मास्तरांच्या दाराशी जायचे आणि काही न विचारता परत यायचे. मला म्हणाले, "मंदे, काचेत बसली तर आपण बघायला जाऊ. तू पण चल. ती मला ओरडली तर साक्षीला कोणी पायजे."

निकाल मास्तरच घेऊन आले. नंबर नव्हता. पहिला नव्हता, तिसराही नव्हता. मागोमाग खोका आला. त्यावर खडूनं एक शब्द लिहिलेला. मी दुसरीपर्यंत शिकलेली, जोडाक्षराला अडखळते, पण लागला तो शब्द. अपूर्ण.

परीक्षक वाईट नव्हते. मास्तर मुंबईला जाऊन त्यांना भेटून आले होते. ते म्हणाले, हात तर असे की पान खुडलेलं ऐकू येतं. पण चेहरा अर्धा ठेवलाय. डोळे पुरे करून पुढच्या वर्षी आणा, आम्ही वाट बघू. आता यात त्यांचं काय चुकलं? त्यांना आमचा पोपट कुठे माहीत होता.

काकांनी काकीला पडवीत ठेवली नि तोंड फिरवून बसले. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाले, "आयुष्यात एकच मागितलं गो तिनं. लुगडं नाय, नथ नाय. तेवढंपण माझ्या हातून झालं नाय." मी मीठ पुढे सरकवलं.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. खोकला लागला होता, अंग सुकत चाललं होतं. मास्तर येऊन परत परत सांगायचे, "दोन ठिपके द्यायचे आहेत काका, दोन ठिपके. मग ती कायमची राहील." काका म्हणायचे, "माझा हात ऐकायला पायजे ना."

चतुर्थीला घरोघरचे डोळे लिहून ते परत आले. करवंटीत थोडा रंग उरला होता. मास्तरांना शब्द दिला होता, की यंदा पाठवायची. पडवीत बसले आणि त्यांनी काकीचे डोळे लिहिले.

मी दुपारी गेले तर काकी बघत होती. माझ्याकडे नाही, पानांकडेही नाही. समोर काका जेवायला बसत, तिथे.

"मंदे, दोन पानं वाढ," काका म्हणाले. मी वाढली. गणपती होते तोवर रोज वाढली. काका एका पानावर जेवत, दुसरं कावळ्याला घालत, आणि एरवी न बोलणारा तो माणूस हळूहळू काहीतरी सांगत असे. मी विहिरीवर असले तरी तेव्हा मात्र कान दिला नाही.

अनंत चतुर्दशीला सकाळी मास्तर नवा खोका नि पेंढा घेऊन आले. पडवीत काकी पाटावर बसलेली, कपाळाला कुंकू, आणि काका डोक्यावर चुंबळ ठेवत होते.

"काका, हे काय? यंदा नक्की मिळेल हो!"

"मिळेल," काका म्हणाले. "पण ती आता माझ्याकडं बघते, मास्तर. तिथं काचेत बसून कोणाची वाट बघणार? आणि मी तरी किती दिवस हाय?"

मास्तर पेंढ्यावरच बसले.

काका त्यानंतर थंडी पडायच्या आतच गेले, म्हणून खाडीवरची ती त्यांची शेवटची फेरी. पण त्या दिवशी ते दरसालसारखेच पाण्यात उभे राहिले. एकेक गणपती घेतला, तीनदा बुडवला, सोडला, पाटावर वाळू ठेवून पाट दिला. ज्याच्या त्याच्या घरी पाट गेला. सगळ्यांत शेवटी काकीला घेतलं. तीनदा बुडवलं. मूठभर वाळू उचलून आपल्या पाटावर ठेवली, आणि तो पाट डोक्यावर घेऊन काठावर आले.

आम्ही बायका काठावरच उभ्या होतो.

"झालं," काका म्हणाले. "भूक लागली."