नुन्झियामावशीचे मनुके

कॅन्सस सिटीच्या सिसिलियन वस्तीत कुणी गेलं की आधी पाद्री यायचा, मग नुन्झियामावशी. सुतकाच्या घरी आठवडाभर चूल पेटत नाही, तिथं जेवण मावशीकडून जायचं. एकोणीसशे पन्नासच्या त्या दशकात वस्तीतले बरेच पुरुष अंथरुणात मरत नसत. कुणी मारलं हे सगळ्यांना ठाऊक असे, पोलिसांना कुणी सांगत नसे. मावशी एवढंच विचारायची, "जेवायला माणसं किती?"

सारो लोमांतो गेला तेव्हाही तिनं तेच विचारलं. जुगारअड्ड्याच्या मालकाशी त्याचं फाटलं होतं. पुलाखाली त्याची गाडी सापडली, गोळ्यांनी चाळण झालेली, आत फक्त टोपी. प्रेत नदीनं नेलं, असं सगळ्यांनी धरलं. मालकाला मात्र चैन पडेना. त्यानं आपला माणूस कालोजेरो सांत्वनाला पाठवला.

मावशी कालचं ताट न्यायला आली तेव्हा कालोजेरो स्वयंपाकघरातच बसलेला. सारोची बायको रोझालिया काळ्या शालीत रडत होती. तिनं ताट पुढं केलं आणि मावशीचा हात थबकला. मासे-पास्त्यातले मनुके काठावर ओळीनं मांडलेले. लहानपणापासून तिच्या घरी जेवणारा एकच माणूस असे मनुके काढून ठेवायचा. 'माश्या आहेत त्या, मावशी,' म्हणायचा.

कालोजेरोही ताटाकडंच बघत होता. "मनुके खात नाहीस, रोझालिया?"

रोझालियाचं रडणं थांबलं.

"ती कुठली खाते! घास उतरेना तिच्या घशाखाली, म्हणून मीच बसले जेवायला," मावशी म्हणाली. "मनुके मी शेवटी खाते, गोड तोंड करायला. गप्पांत राहून गेले." तिनं सगळे उचलून तोंडात टाकले.

"सारोही असेच काढायचा, मावशी."

"काढायचा ना. जन्मभर मागं लागले, खा रे बाबा, खा. तसाच गेला बघ." आणि तिला खरंच रडू फुटलं. कालोजेरोनं आपला रुमाल दिला, टोपी घातली आणि निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळल्यावर मावशी तळघराच्या दारापाशी गेली. "रोझालिया, आजपासून मनुके दुप्पट," ती दाराकडं तोंड करून म्हणाली. "एक जरी परत आला ना, तर मालकाच्या आधी माझ्याशी गाठ आहे."

आतून कुणीतरी दीर्घ सुस्कारा टाकला.

त्या खुनाचा छडा पोलिसांना कधीच लागला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ताट लख्ख परत आलं. मावशीनं ते खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं.

"सुधारला गं मेल्यावर," ती म्हणाली, आणि रोझालियानं काळी शाल तोंडात कोंबली.