लांबी वाळेपर्यंत

मुरुगेसन माझ्या दुकानाची पायरी चढला, तेव्हाच मला कळलं. त्याचं दुकान समोरच, पण सात वर्षांत ना त्यानं रस्ता ओलांडला होता, ना मी. तो तमिळमध्ये एवढंच म्हणाला, "अक्का गेल्या." पापनाशम गावी आमच्या सगळ्यात धाकट्या भावाच्या घरी तिनं प्राण सोडला, आणि निरोप पहिल्यांदा पोचला तो याच्याकडे. सख्खा भाऊ मी... हेही मी विसरणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. फार लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आईमागे तिनंच मला वाढवलं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. सायकलला काचेची पेटी बांधून मी तंजावरभर फुटक्या खिडक्या शोधत हिंडायचो. काच कुणीही आणून देतो, चौकटीत ती टिकते कडेनं भरलेल्या लांबीवर. आमच्याकडे तिला मक्कू म्हणतात. बाजारातली लांबी महाग, शिवाय भुसभुशीत. अक्कानं ती बोटांत चुरून पाहिली आणि म्हणाली, "खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, एवढंच ना? मग ही कणीकच की." मागच्या गल्लीतले चित्रकार देवाच्या चित्रावर दागिने उठवायला खडू नि चिंचोक्याची खळ मळतात, त्यावर सोन्याचा वर्ख चढतो. ते ती लहानपणापासून पाहत आली होती. सुतार भुशात सरस कालवून लाकडाच्या भेगा बुजवतो, तीही लांबीच. एकूण काय, भेग असेल तिथं हा प्रकार लागतोच, आणि भेग दिसली की अक्काला राहवत नसे.

भुकटी ती लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची, तेल थेंबाथेंबानं घालायची, उखळात कुटायची आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत गोळा मळायची. मग ओल्या फडक्याखाली ठेवायची. तिच्या हाताचा जवसाचा वास शिकेकाईनंही जात नसे. सणावारी सोवळ्याच्या बायका तिला स्वयंपाकाला हात लावू देत नसत. ती हसून पानं पुसत बसायची. मला मात्र राग यायचा. तिच्या त्या हातांवर माझं दुकान उभं राहिलं आणि पाऊस कितीही झोडपो, आमची काच हलली नाही.

मुरुगेसन माझाच कामगार. काम शिकला आणि माझ्यासमोरच दुकान थाटून बसला. ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात त्याच्या काचा सुटून पडू लागल्या, तेव्हा मला झोप छान लागायची, खोटं कशाला बोलू. आणि एक दिवस पाहतो तर अक्का त्याच्या ओट्यावर पदर खोचून बसलेली, त्याला लांबी मळायला शिकवत होती. घरी आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "त्याच्या काचा पडत होत्या, तंबी." लहान भाऊ म्हणून ती मला तंबीच म्हणायची. माझ्या पोटावर पाय येतोय हे तिला दिसलं नाही. मी खूप बोललो. ती पापनाशमला निघून गेली. तिनं केलं ते मला आजही पटलेलं नाही.

यंदा मी घर बांधलं. पूर्वेची खोली तिच्यासाठी काढली, खिडकीतून विहीर आणि केळी दिसतील अशी. पापनाशमला जाऊन मी जन्मभर करत आलो तेच केलं, घासाघीस. वेगळी चूल देतो, कामाला बाई ठेवतो, तिरुवैयारूला आराधनेच्या गाण्यांना दरवर्षी नेतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वास्तुशांतीला मुरुगेसन येणार का?"

"नाही."

"मग मला खोली दाखवू नको."

मी उठलो. बसपर्यंत ती सोबत आली. चालताना धाप लागत होती, पण त्याबद्दल विचारायचं माझ्या रागात राहून गेलं. बस सुटायच्या वेळी तिनं केळीच्या पानात बांधलेला गोळा माझ्या मांडीवर ठेवला. सकाळीच मळला असावा, पान तेलकट झालं होतं.

"त्या खिडकीला दुकानातली लावू नको, ही लाव. लांबी वाळेपर्यंत विचार कर, मी तेवढी थांबते."

माणूस मागायला गेलो आणि लांबी घेऊन परतलो. चिडूनच मी स्वतः ती काच बसवली. लांबी वाळायला काही आठवडे जातात. तोवर रंग द्यायचा नसतो, दिला तर सुरकुततो. आठच दिवस झाले होते आणि मुरुगेसन पायरी चढला.

तेराव्याला तो आला, ओसरीच्या कडेला बसला. मी त्याला जेवायला बसा म्हटलं. एवढंच. ती असती तर एवढ्यावर आली असती का... कोणाला विचारू?

त्या खोलीत अजून कोणी राहत नाही. रोज सकाळी मी जातो आणि काचेच्या कडेला अंगठा टेकवतो. आधी वर नुसती साय धरली होती, आत मऊ लागायचं. मग कमी कमी होत गेलं. या सोमवारी अंगठा रुतला नाही. त्याच दिवशी रंगारी डबा घेऊन दारात उभा राहिला, लांबी वाळली का म्हणून विचारत.

मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, अजून ओली आहे.