सांडव्याखालचा डावा काठ

वाशीत तेव्हा माणसं कमी आणि चिखल जास्त. खाडीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एका धरणाच्या सांडव्याचं मॉडेल उभं केलं होतं, खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्श्याचं. वरून पंपाने पाणी सोडायचं आणि खालची वाळू कुठे किती उखडते ते मोजायचं. मी ज्युनिअर इंजिनीअर. मॉडेल घडवलं ते आमच्या मिस्त्रींनी. मिस्त्री देशावरचे, आणि नशीब बघा, त्याच धरणाखाली नदीच्या डाव्या काठावर त्यांच्या बहिणीचं घर.

"साहेब, ताईचं घर ऱ्हाईल न्हवं?" हे रोजचं. मी वैतागायचो. "अहो मिस्त्री, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!"

चाचणीत डावा काठ दर वेळी ढासळायचा. सांडव्याखालचं कुंड आखूड पडत होतं, उसळलेलं पाणी त्यात मावत नव्हतं. मिस्त्री बघत राहायचे. ताईची माणसं वर माळावर बिऱ्हाड हलवायच्या विचारात होती.

शेडची एक रीत होती. मोठे साहेब येणार असले की मॉडेलच्या शेवटच्या टोकाची फळी थोडी वर चढवायची. पाणी तुंबतं, उसळी कुंडातच बसते, काठ शाबूत. पाहुण्यांपुढे पोरांना गप्प बसवतात ना, तसं. आम्हा इंजिनीअरांना त्यात काही गैर वाटत नसे, मिस्त्रींना ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी फळी मी चढवली. साहेब खूश झाले, फोटो निघाले, तेच अहवालात लागले. मिस्त्रींनी सगळ्यांदेखत विचारलं आणि मी म्हणून गेलो, "राहील हो!"

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन मी मोठ्या साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तिकडे काँक्रीट कधीच पडलंय. कशाला टेन्शन घेता?" म्हणजे कुंड आधीच बांधून झालं होतं! मग आम्ही इथे काय झक मारत होतो? आणि मी तरी काय केलं? अहवालावर सही केली. घरी जाऊन जेवलोसुद्धा. मिस्त्रींना काही बोललो नाही.

त्यांनी ताईला निरोप धाडला, हलू नका, साहेबांनी सांगितलंय.

पहिल्याच मोठ्या पुरात डावा काठ खचला. घरासकट ताई गेली.

दिवसकार्य उरकून मिस्त्री कामावर आले. मी मान खाली घालून उभा. आता हा माणूस माझी गचांडी धरणार, धरावीच. ते मॉडेलपाशी बसले, कुंडाच्या कडेवरून हात फिरवला.

"साहेब, बांधताना माझ्याच हातून काईतरी चुकलं आसंल. नायतर पान्यानं तुमाला खोटं कसं दावलं आसतं?"

मी म्हणालो, "असेल, मिस्त्री."