सोनं उतरणार, असं मावशी म्हणाली

माझी मावशी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. काचेची चिमुकली खोली, त्यात एक माइक, एक कुरकुरणारा पंखा आणि ती. लग्न केलंच नाही तिनं. म्हणायची, "अख्खा स्टँड ऐकतोय माझं. आणखी एकानं नाही ऐकलं तर काय बिघडलं?"

तिला बोलायची भारी हौस. पण नोकरीत तेच ते बोलावं लागायचं. अमुक गाडी, तमुक फलाट. एका सकाळी पुलाच्या कामामुळे गाड्या अडकल्या आणि लोक चौकशीच्या खिडकीवर तुटून पडले. मावशीला काय सुचलं कोण जाणे, तिनं पुढ्यातला पेपर उचलला, अर्थकारणाचं पान उघडलं आणि माइकवर सुरू झाली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. महागाईचा दर घटला आहे. म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही हं! आधी धावत वर जात होत्या, आता चालत जाताहेत. खाली कुणीच आलेलं नाही."

स्टँडभर हशा पिकला. "पुढचं वाचा ताई!" कुणीतरी ओरडलं.

"व्याजदर जागच्या जागी," मावशी म्हणाली. "आमच्या गाड्यांसारखे."

झालं! रोज सकाळी गाड्यांच्या मधे दोन मिनिटं अर्थकारण, असा शिरस्ताच पडला. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही येऊन बाकांवर बसायला लागले. मावशीला त्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. तिची भाकितं धडाधड कोसळायची. ती म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट करायचं, असं एका कंडक्टरनं ठरवूनच टाकलं होतं आणि तो मजेत होता.

माझ्या आईचा मात्र थोरल्या बहिणीवर आंधळा विश्वास. माझं लग्न ठरलेलं, साखळी घ्यायची होती. मावशी माइकवरून म्हणाली, "सोनं फार चढलंय. आणि चढलेला कधीतरी उतरतोच!" आई सराफाच्या दारातून माघारी आली. त्याच आठवड्यात सोनं असं उसळलं, की आईचा चहा हातातच निवला.

ती उठली ती तरातरा स्टँडवर. मागून मी धावतेय. तिनं काचेचं दार ढकललं. माइक चालूच होता.

"उतरणार होतं ना गं? कुठं उतरलं? कुठल्या थांब्यावर?"

"अगं हळू, माइक..."

"ऐकू दे माइकला! लहानपणी 'मार उडी, काही होत नाही' म्हणालीस, तेव्हा माझा दात गेला. आता साखळी गेली!"

"दुधाचा होता तो दात!"

बाहेर लोक पोट धरधरून हसत होते. सुटायची गाडी सुटेना, कारण ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून खिदळत होता. तेवढ्यात डेपो मॅनेजर आत आले.

"हे काय चाललंय?"

परक्या माणसापुढे कधी ब्र न काढणारी माझी आई गर्रकन वळली. "तुम्हीच सांगा साहेब, सोनं आता घ्यावं की थांबावं?"

मॅनेजर गडबडले. "मी... मीसुद्धा थांबलोय. यांचंच ऐकून."

हेही स्टँडभर ऐकू गेलं. मग जो गलका उठला, त्यात साहेबांना रागवायचं राहूनच गेलं. त्यांनी दोनच अटी घातल्या. गाड्या वेळेवर सुटल्या पाहिजेत आणि भाकितं कायमची बंद.

तेवढ्याच पैशांत आता साखळी बारीकच आली. मावशी म्हणाली, "नाजूक दिसते." आईनं तिला चिमटा काढला.

पण लोकांना आता दोघी हव्या होत्या. "त्या भांडणाऱ्या ताई कुठायत?" असं खिडकीवर येऊन विचारायचे. शेवटी एके सकाळी आई नीट केस विंचरून, तोंडात खडीसाखर धरून माइकपुढे बसली. मावशीनं बातमी वाचली, "आपलं चलन पुन्हा घसरलं."

"अगं बाई!" आई कळवळून म्हणाली. "लागलं का त्याला?"

मावशीला हसू आवरेना. तिचं बघून आईला आवरेना. दोघी टेबलावर आडव्या. बाहेर सगळा स्टँड त्यांच्यासोबत हसत होता. शेवटी मॅनेजर स्वतः फलाटावर गेले आणि तोंडाशी हाताचा भोंगा करून पुढची गाडी पुकारू लागले.