धुऱ्यावरचं लिंबू

चार दिवसांची झड पाचव्या दिवशी पहाटे जरा थांबली. आभाळ तसंच खाली लोंबत होतं आणि तलावाच्या पाळीवरून ओला वारा अंगाला झोंबत होता. मोहाडीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात शकुनबाई उजाडायच्या आतच वाफ्यात बसून पऱ्हे उपटत होती. मूठ भरली की मुळांचा चिखल टाचेवर आपटून झाडायचा, पेंढी बांधायची, मागे टाकायची. धानाची ती रोपं गुडघ्यावर गेली होती. झडीनं रोवणा लांबला होता. आणखी तीन दिवस वाफ्यात राहिली तर जून होणार, मग रोवली काय नि न रोवली काय. वर्षभराचा भात या तीन दिवसांत होता.

दिवस निघाला तशा बाया आल्या. आठजणी, डोक्या-पाठीवर पाऊस झेलणारे पळसपानांचे मोरे, तोंडात कोणाच्या तरी सुनेची गोष्ट. पुढे चंद्रभागाबाई. तिच्या शेतात शकुनबाई सहा दिवस राबून आली होती, आज ही टोळी तिच्याकडे. पण शेताच्या कडेला धुऱ्यावर येताच गोष्ट तुटली.

"शकुन, इकडे ये वं."

बांधीत, धानाच्या त्या खाचरात, पाय टाकायच्या जागीच पळसाच्या पानावर एक लिंबू होतं. कुंकवानं माखलेलं, तीन टाचण्या खुपसलेलं, काळा दोरा गुंडाळलेलं.

"कोनं ठेवलं?" शकुनबाईनं विचारलं.

"ठेवनारा का नाव लिहून ठेवते? सोमाजी बैगाले बलाव. कोंबडा कापन, उतारा करन, मंग आमी उतरू."

"माह्या घरून कोंबडा नाई होत. तुले माहीत हाय."

माहीत सगळ्या गावालाच होतं. अठ्ठ्याहत्तर साल चालू होतं. पाच वर्षांपूर्वी शकुनबाई आणि तिचा नवरा टिकाराम यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. तेव्हापासून घरात दारू नाही, मटण नाही, एका परमेश्वराशिवाय कोणापुढं हात जोडणं नाही. गावच्या मातामायपुढं दरसाल बकरा पडायचा, त्यातून या घरानं अंग काढून घेतलं. आणि तिसऱ्या वर्षी याच बांधीत टिकारामला साप चावला. गावानं दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. चुलीपुढं एकटी बसली की शकुनबाईही कधीकधी जोडायची. फक्त ते कोणाला सांगत नव्हती.

"तू नको कापू वं," चंद्रभागाबाई समजावणीला आली. "आमी कापतो. तू तिकडं तोंड कर. तुह्या देवाले सांगाले कोन जाऊन राहिलं?"

"त्याले सांगा लागत नाई. तो पायते."

"टिकारामभाऊले साप चावला तवा पाहून राहिल्ता का?"

चंद्रभागाबाईनं जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

शकुनबाईला टिकारामचा काळानिळा झालेला पाय दिसला. शेवटच्या घटकेला भावकीतला कोणी मंत्र घालायला बैगाला घेऊन आला होता, तेव्हा टिकारामनं जड जिभेनं 'नाई' म्हटलं होतं. आज आपण हो म्हटलं तर त्याचं मरतानाचं ते म्हणणं वाया जाणार. आणि नाही म्हटलं तर पऱ्हे जाणार.

ती वाकली. तिनं परमेश्वराचं नाव घेतलं आणि लिंबू उचललं. दोरा तोडला, टाचण्या उपसून पदराच्या गाठीत बांधल्या. मग लिंबू पाटाच्या पाण्यात खसाखसा धुतलं.

"अवो माय! करतं काय?"

"लाखोरीच्या डाळीवर पिळीन. घरचं लिंबू संपलं माह्यं."

कोणी हसलं नाही. एकेक करून बाया धुऱ्यानं माघारी फिरल्या. चंद्रभागाबाई सगळ्यात शेवटी गेली, दोनदा मागं वळून पाहत.

मग शकुनबाई होती आणि पाणी साचलेल्या सहा बांध्या होत्या. आठ बायांची गाणी जिथं व्हायची तिथं बेडकांचा आवाज. तिनं उलट्या पावली रोवायला सुरुवात केली. पिंडरीला गवताचं पातं लागलं तरी साप वाटायचा. थांबायची, पाण्यात निरखून पाहायची, नाव घ्यायची, पुढची चिमूट रोवायची. भीती काही गेली नाही. ती तशीच सोबतीला राहिली, जशी घरी राहायची.

दुपारी तिनं धुऱ्यावर फडकं सोडलं. भातावर डाळ घेतली, लिंबू कापलं आणि पिळलं. पहिला घास तोंडात बराच वेळ फिरला. मग गेला. लिंबू रसाचं होतं.

ऊन कलतं झालं तेव्हा शेजारच्या सोमाजीच्या धुऱ्यापलीकडून चंद्रभागाबाईची हाक आली.

"शकुन! हायेस का गेलीस?"

"हाय."

"पोटात दुखते का?"

"कमर दुखते. आठ बायांचं एकटी करून राहिली ना."

पलीकडे चंद्रभागाबाई उभी होती, मोरा डोक्यावर, बांधीत येत नव्हती आणि जातही नव्हती.

"आज रात निघू दे," ती शेवटी म्हणाली. "सकाळी तू उठलीस तं पाहू."

"येजो," शकुनबाई म्हणाली.

चंद्रभागाबाई गेली. बांधी अर्धी झाली होती, साडेपाच उरल्या होत्या. शकुनबाईनं पेंढी सोडली, चार काड्या चिमटीत धरल्या आणि पुन्हा वाकली.