बाळुत्यांवर ओतलेलं पाणी

आमच्या घरात बारसं असो की डोहाळजेवण, जेवणं उरकून बायका पान खायला बसल्या की माझ्या मोठ्या वहिनींना एक गोष्ट हमखास आठवते. पन्नास वर्षं मी ती ऐकतो आहे.

“आमच्या धाकलीनं काय केलं म्हाईत हाय का?” त्या सुरू करतात. धाकली म्हणजे माझी बायको. “भात्तरचा दुस्काळ. मान्सं वाटी वाटीनं पानी भरायची. अन् हिनं प्यायच्या पान्याचा भरला हंडा वतला बाळुत्यांवर! जनू हिच्या बापानं आडच आंदन दिला हुता!”

बायका हसतात. मग वहिनी आवाज खाली आणतात. “हिच्या दुधानं पोराचं बूड सोलून निघाल्यालं. सासूबाईंनी दूध तोडलं म्हनून तर पोरगं वाचलं. अन् ही बया पोराला टाकून चालली खडी फोडायला, माझ्याबरुबर.”

माझी बायको तिथंच बसलेली असते. पानाला चुना लावते, सुपारी कातरते, कधीकधी इतरांबरोबर हसतेही. ते हसणं मला बघवत नाही. मी उठून अंगणात जातो. म्हातारा मनुष्य, उठला तर कुणी विचारत नाही.

पाणी ओतलं, एवढंच त्या गोष्टीत खरं आहे. बाकी सगळी थाप आहे. ती थाप आहे हे वहिनींना माहीत नाही, म्हणून त्यांच्यावर माझा फारसा राग नाही. मला माहीत होतं. मी अंगणात जात राहिलो.

आताच्या सुनांना बाळुतं म्हणजे काय हेच आधी सांगावं लागेल. त्यांचे लंगोट दुकानातून येतात आणि वापरून फेकले जातात. आमच्याकडे बाळाला नवं कापड लावत नसत. नवं कापड रखरखीत असतं. आईचं जुनं लुगडं, वडलांचं विरलेलं धोतर फाडून चौकोनी तुकडे करायचे आणि धुऊन धुऊन अगदी लोण्यासारखे मऊ करायचे. पाणी असेल त्या वर्षी ती उकळत. दोरीवर उन्हात वाळवत, हाताच्या तळव्यांत चुरून पुन्हा मऊ करत, आणि दिवेलागणीच्या आत घरात घेत, कारण बाळाचं कापड तिन्हीसांजेला बाहेर राहू द्यायचं नाही. हे सगळं पाण्यावर चालायचं. बाळुत्याला साबणापेक्षा पाणी लागतं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

आमचं गाव तिसगावच्या बाजूला, कोरडवाहू. बहात्तरला पाऊस झाला नाही आणि त्र्याहत्तरच्या होळीपर्यंत विहिरींचे तळ उघडे पडले. नदीच्या वाळूत झिरे खोदले होते. बायका पहाटेपासून तिथं बसायच्या आणि वाटीनं पाणी खरडून हंड्यात टाकायच्या. थोरला भाऊ बैलं घेऊन गुरांच्या छावणीवर गेला होता, वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात दिवसभर माझी आई, माझी बायको आणि आमचं दिवाळीत झालेलं पहिलं पोर. मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो.

पाण्याचा कारभार आईकडे होता. हंडा घरात आला की तो तिचा. आधी देवाचं आणि प्यायचं. मग स्वयंपाकाचं. उरलेल्यातून माझे कपडे. हो, माझे कपडे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी. सगळं गाव धुळीत लोळत होतं, माणसं आठ-आठ दिवस अंगावर पाणी घेत नव्हती, आणि आमच्या घरातला मास्तर परीटघडीत शाळेत जायचा. आईला त्याचा अभिमान होता. “माझा ल्योक सायबावानी दिसतो,” असं ती शेजारणींना सांगायची. मलाही ते आवडायचं, हे कशाला लपवू? मळका सदरा घालून शाळेत गेलो असतो तर आभाळ कोसळलं नसतं.

साबणाला पाणी फार लागतं, म्हणून मी तिसगावच्या बाजारातून धुण्याचा सोडा आणायचो. “कॉलर निघत नाही, सोडा जरा जास्त घाल,” असं बायकोला मीच सांगायचो. सदरा-पायजमा त्या पाण्यातून निघाला की ते घमेलं तसंच ठेवायचं आणि त्यात पोराची बाळुती बुडवायची. पोराच्या घाणीवर चांगलं पाणी कशाला, हा आईचा हिशेब. पिळायची आणि दोरीवर. साध्या पाण्यातून काढणं नाही. बाळुती वाळून पापडासारखी ताठ व्हायची. चुरली की पांढरी भुकटी उडायची.

पोराच्या जांघा आधी लाल झाल्या, मग कातडं सुटलं. ओलं झालं की ते असं किंचाळायचं की शेजारचे डोकावायचे. आईनं लगेच निकाल दिला. “हिचं दूध उष्न हाय. काय काय गिळती कुनास ठावं.” काय गिळणार होती? ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी सगळेच खात होतो. आईनं आधी तिची चटणी बंद केली. मग मीठ कमी केलं. पोराचं काही बरं होईना. तेव्हा आई म्हणाली, “गुढीपाडव्यापातुर बघती. न्हाईतर दूध तोडायचं. शेळीचं पाजू.”

माझी बायको त्या वेळी वीस-एकवीस वर्षांची असेल. ती माझ्याशी दिवसा बोलायची नाही, तशी रीतच नव्हती. पण त्या दिवशी मी जेवायला बसलो असताना भाकरी वाढता वाढता हळूच म्हणाली, “दूध तोडू दिऊ नका. तुमी सांगा त्यास्नी.”

मी म्हणालो, “बघतो.”

आता ऐका मी काय बघितलं. त्याच आठवड्यात माझ्या मानेला कॉलर लागून आग व्हायला लागली. घाम आला की मिरची लावल्यासारखं व्हायचं. मान बोटभर सोलली. मी बायकोला म्हटलं, “सदरा वाळत घालण्याआधी तांब्याभर चांगल्या पाण्यातून काढ.” आईनं त्या तांब्याला हरकत घेतली नाही. मास्तरचा सदरा होता. चार दिवसांत माझी मान बरी झाली.

तेव्हाच मला कळलं. सोडा होता. माझ्या मानेला लागला तोच पोराच्या बुडाला लागत होता. एवढं कळायला मास्तर असायची गरज नाही, कुणालाही कळलं असतं. पण कळलं मला, कारण तांब्या मला मिळाला होता.

मी बायकोला सांगितलं. गोठ्यापाशी, आई मागच्या दारी असताना. “दुधाचं काही नाही. सोडा राहतोय बाळुत्यांत. चांगल्या पाण्यातून दोनदा काढ.”

“चांगलं पानी कुठून आनू? त्या हात लावू देत्यात का?”

“एकदाच कर. सगळी बाळुती एकदम काढ. आईला मी सांगतो.”

“नक्की सांगताल?”

“सांगतो म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झिऱ्यावरून आली, हंडा घेऊन थेट अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी गेली आणि घमेल्यात पाणी ओतून बाळुती खळबळायला लागली. आई दारात दात घासत होती. राखेचं बोट तोंडातच राहिलं.

“अगं ए! प्यायचं पानी हाय ते!”

बायको एक एक बाळुतं पिळत राहिली.

“अगं, कानात बोळं घातल्यात का? सटवे, तुज्या बानं आड खंदलाय व्हय हितं?”

त्या दिवसांत पाण्यावरून ओरडा झाला की गाव गोळा व्हायचं. शेजारच्या चार-सहा बाया कुंपणापाशी आल्या. वहिनी कामावर निघालेल्या, त्याही थांबल्या. मी शाळेला निघायच्या तयारीत होतो, सदऱ्याची गुंडी लावत.

बायको उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. “ह्यास्नी इचारा. ह्यांनीच सांगितलंय.”

आई माझ्याकडे वळली. “का रं? तू सांगितलंस?”

तोंडात “हो” तयार होता. तो एवढुसा शब्द होता. मी त्या बायांकडे पाहिलं, आईच्या तोंडावरच्या राखेकडे पाहिलं. आणि म्हणालो, “म्या कशाला सांगू? प्यायचं पानी बाळुत्याला वापरायला मला काय येड लागलंय?”

बाया हसल्या. कुणीतरी म्हणालं, “मास्तर लई गरीब हायेत. न्हाईतर दुसऱ्यानं थोबाड फोडलं असतं.”

मी शाळेत गेलो. पोरांना पाढे म्हणायला लावले. बायकोनं माझ्याकडे कसं पाहिलं हे मला सांगता येत नाही, कारण मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

त्याच दुपारी आईनं पोर तिच्याकडून काढून घेतलं. पाडव्याची वाट पाहिली नाही. “हिला पोराचं न्हाई, पान्याचं न्हाई, कशाचंच भ्या न्हाई,” म्हणाली. शेजारी एक शेळी होती, बाभळीच्या शेंगा खाऊन तगलेली. तिचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पोराला पाजलं. माझ्या बायकोच्या छातीला फडकं आवळून बांधलं. तिला ताप भरला. चोळी ओली व्हायची, ती कोपऱ्यात पाठ करून बसायची, आणि पोर दुसऱ्या खोलीत रडायचं. मला ते सगळं ऐकू यायचं. आमचं घर काही राजवाडा नव्हतं.

आणि मग पोराचं बूड बरं व्हायला लागलं.

आई गावभर सांगत सुटली. “बगा, दूध तोडलं अन् कातडं धरलं.” सगळ्यांनी मान डोलावली. पोराला पुन्हा आईच्या अंगावर पाजायचा विषयच संपला. ते आजीच्या कुशीत वाढलं, बोलायला लागलं तेव्हा आजीलाच ‘आई’ म्हणायला लागलं आणि स्वतःच्या आईला, मोठ्यांचं ऐकून, ‘अगं ए’. लोक त्याचंही कौतुक करायचे.

बाळुती मऊ झाली होती, हे मी पाहिलं होतं. दोरीवरून उतरवताना ती कडकड वाजेनाशी झाली. भुकटी उडेनाशी झाली. म्हणजे ती रोज साध्या पाण्यातून निघत होती. पाणी कुठून येतंय, हे मी विचारलं नाही. आईनं दया केली असेल असं धरून चाललो. खरं तर आईनं त्या दिवसापासून हंड्यावर झाकण ठेवून त्यावर पाटा ठेवला होता, आणि प्यायला माणशी एक तांब्या ती स्वतः मोजून द्यायची.

पोर काढून घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी बायको वहिनींबरोबर खडी फोडायला जायला लागली होती. अंगात ताप होता तरी. गाव म्हणालं, पोराला टाकून चालली. आई म्हणाली, “जाऊ द्या, न्हाईतरी तिचं पोरात ध्यान न्हवतंच.” मी काहीच म्हणालो नाही. त्या वर्षी काहीच न म्हणण्यात मी फार तरबेज झालो होतो.

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. पाण्याचा तिचा हिशेब मला आजही पाठ आहे, देव आधी आणि पोर शेवटी. पण तिला निदान माहीत नव्हतं. चूक माहीत असून गप्प बसणाऱ्यापेक्षा चुकीच्या बाजूनं ओरडणारी म्हातारी मला परवडते.

गेल्या महिन्यात पणतीचं बारसं झालं. वहिनींनी पुन्हा तीच गोष्ट लावली. आता त्यांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, पण ही गोष्ट पाठ आहे. आमचा तो मुलगा, आता स्वतः आजोबा झालेला, हसत म्हणाला, “म्हणजे मी आजीच्या शेळीवर वाढलो, आईच्या दुधानं मरता मरता वाचलो!” सगळे हसले. त्याची आई हसली नाही. पहिल्यांदाच ती उठून आत गेली.

मी अंगणात न जाता तिच्या मागे गेलो. ती ओट्यापाशी उगीचच भांडी हलवत होती.

मी म्हणालो, “मी सगळ्यांना सांगणार आहे. लिहूनच देणार आहे. मी तुला सांगितलं होतं आणि मग नाकारलं.”

“आता?” ती म्हणाली. पाणी प्यायलेला पेला तिनं इतक्या जोरात ठेवला की तो कलंडला. “त्या दिवशी एक सबुद पायजे हुता मला. आता त्यो काय चुलीत घालायचाय? माजं दूध येनार हाय का माघारी?”

मी कलंडलेला पेला सरळ केला.

मग तीच म्हणाली, “लिवायचं तर नीट लिवा. मी पोराला टाकून खडीला न्हाई गेले.”

“मग का गेलीस?”

“कामावर प्यायला पानी असायचं. पिंप भरून ठिवलेलं. तितं दिवसभराचं प्यायचं अन् घरातला माज्या वाट्याचा तांब्या बाळुत्यास्नी ठिवायचा. पहाटं निघायच्या आधी काढायची मी ती. तुमी झोपलेलं असायचा.”

तिनं पेला उचलला, धुतला, पालथा घातला आणि बाहेर बायकांत जाऊन बसली.

मी तिथंच राहिलो, आणि मुलगा पाणी प्यायला आत आला तेव्हा त्याला दार लोटून घ्यायला सांगितलं. त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे तसं. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं ओरडायला हवं होतं. तो फक्त म्हणाला, “आणि तुम्ही आज सांगताय, बाबा.” मग तो बाहेर गेला, त्या सगळ्या बायकांच्या मधून वाट काढत, आणि सतरंजीवर आईच्या शेजारी जाऊन बसला. ती म्हणाली, “काय रं, पान खातूस का?” तो हो म्हणाला.