ऐनाच्या रानातली शकुन

आसगावच्या शकुनकाकूला कुणी विचारलं, लहानपणी काय खात होता, तर ती हसून म्हणते, "भूक." खोटं नाही ते. बाप मंगरू वैनगंगेत बुडाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई सखाबाई अड्याळच्या शेतकऱ्यांकडे धानाच्या रोवण्याला जायची आणि पोर त्यांच्याच अंगणात भांडी घासायची. उरलेली पेज मिळाली की मायलेकींचा सण.

लग्न झालं ते कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवणाऱ्या ढिवराच्या, मासेमार जातीतल्याच, घरी. ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे सोडायचे आणि ते पानं खाऊन कोष विणेपर्यंत रानातच झोपडी टाकून राखण करायची, हा धंदा. रानातल्या मातामाय देवीचे नेम कडक. मासा-मटण बंद, झोप जमिनीवर, पहाटे अंघोळ. आणि बाईनं त्या रानात पाऊल टाकायचं नाही.

१९७८ साली किडे झाडांवर सोडले आणि आठवड्यातच नवरा तुलाराम पाय मोडून खाटेवर पडला. सासरे कवडू यांना मोतीबिंदूमुळे फांदीवरचा कावळा दिसेना. राखण नसली तर पाखरं पीक फस्त करणार, आणि शकुनच्या रांगत्या लेकीच्या नशिबी तीच दुसऱ्याच्या दारची पेज येणार. शकुननं लेकीला आईकडे सोपवलं आणि पदर खोचला. कवडूंनी वाट अडवली. बाईच्या सावलीनं किडे मरतात, गाव आपल्याला वाळीत टाकेल, म्हणाले.

"मामाजी, तुमी पाळता ते समदे नेम मी पाळीन. मंग मातामाय मले काहून नाई म्हणन?"

म्हाताऱ्यानं वाट सोडली. शकुन गेली. आता ढिवराच्या पोरीनं मासा सोडणं म्हणजे काय, ते ढिवरालाच विचारा. तिनं तोही सोडला आणि दिवसभर गुलेल घेऊन कावळे हाकलले.

भाद्रपदात झड लागली. शेजारच्या झाडांवरचे किडे काळे पडून लटकू लागले आणि सगळी बोटं शकुनकडे वळली. मग तिच्याही झाडांवर काळे किडे दिसले. मेल्या किड्याला कुणी शिवत नसे. तो देवीचा कोप, तिनंच उतरवावा, अशी समजूत. शकुन मातामायच्या दगडापुढे बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली, काळे किडे काडीनं उचलले आणि लांब नेऊन पुरले. रोज पुरत राहिली. जिनं किड्याला जीव दिला ती मातामाय त्याला माती द्यायला नाही म्हणेल का, असं तिनं सासऱ्यांना रोकडं विचारलं. कवडूंनी तिला रानातून परत बोलावलं नाही.

मेले किडे हटले तसा रोग पसरायचा थांबला, आणि त्या हंगामात गावात कोष लगडले ते फक्त तिच्या झाडांवर. अड्याळच्या बाजारात विणकरांनी माल हातोहात उचलला. पुढच्या वर्षी शेजारीही मेले किडे पुरू लागले, अर्थात ही युक्ती आपलीच असल्याच्या थाटात.

नंतरच्या वर्षांत कौलारू घर झालं, सखाबाई लेकीकडे राहायला आली, नात शाळेत जाऊ लागली. शकुनचे नेम मात्र तेच राहिले. सुख आलं म्हणून मातामाय जुनी झाली नाही, ती म्हणायची.

१९८५ची कोषांची तोडणी. पहिला कोष मातामायपुढे ठेवायचा मान कोसा पिकवणाऱ्यांत सगळ्यांत वडील माणसाचा, म्हणजे कवडूंचा. पुरुष जमले. कवडूंनी कोष घेतला, चाचपडत सुनेचा हात शोधला आणि तो तिच्या तळव्यावर ठेवला.

"तूच ठेव, बाई. या रानाची वडील आता तू."

शकुननं कोष ठेवला आणि दगडावर डोकं टेकलं. मागं पुरुषांनी हात जोडले. त्यांच्याही मागं, ऐनाच्या सावलीत, गावातल्या बायका उभ्या होत्या.